सावकाश जा

आमच्या गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये ती वही अजून आहे. वही म्हणजे लर्नर ड्रायव्हरचं लॉगबुक. आता तिचं काही काम उरलेलं नाही, पोराला लायसन्स मिळून वर्ष उलटून गेलं, तरी ती तिथून काढावीशी मला वाटत नाही. तिच्यातल्या प्रत्येक ओळीत तारीख, निघालो किती वाजता, पोचलो किती वाजता, सुरुवातीचे किलोमीटर, शेवटचे किलोमीटर, रस्ता कसला होता, पाऊस होता की कोरडं, उजेड होता की अंधार, आणि शेवटी शेजारी बसलेल्याची सही. बहुतेक सगळ्या सह्या माझ्या. काही सरळ आहेत, काही थरथरल्यासारख्या, कारण त्या गाडीतच मांडीवर वही ठेवून केल्यात आणि त्या दिवशी हात खरंच थरथरत होता.

आम्ही सिडनीच्या पश्चिमेला राहतो, टुंगाबीला. न्यू साउथ वेल्स राज्यात सोळा पूर्ण झाली की मुलांना लर्नर लायसन्स मिळू शकतं. आधी ४५ प्रश्नांची नॉलेज टेस्ट, ती पास झालात की पिवळ्या पाटीवर काळा एल, गाडीच्या पुढे एक आणि मागे एक. एल असताना शेजारी पक्क्या लायसन्सचा माणूस बसलेलाच पाहिजे, स्पीड ९० च्या वर नाही, दारूचा थेंबही नाही, फोनला हात नाही, हँड्स-फ्रीसुद्धा नाही. अशी १२० तास गाडी चालवायची, त्यातले २० तास रात्रीचे, आणि पंचविशीच्या आतल्यांनी किमान १० महिने एलवर काढायचे. मग हॅझर्ड परसेप्शन टेस्ट, तिच्यात कॉम्प्युटरवर रस्त्याचे व्हिडिओ दाखवतात आणि तुम्ही कुठल्या क्षणी सावध व्हाल ते क्लिक करून सांगायचं. मग सतरा पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष गाडीची टेस्ट. ती झाली की लाल पी, म्हणजे प्रोव्हिजनल (तात्पुरत्या) लायसन्सची पहिली पायरी, पी-वन, एक वर्ष. मग हिरवा पी, पी-टू, दोन वर्षं. आणि त्यानंतर कुठे साधं, बिनपाटीचं लायसन्स. म्हणजे सोळाव्या वर्षी सुरू केलेलं पोर विसाव्या वर्षी मोकळं होतं.

"चार वर्षं?" माझा भाऊ कराडहून फोनवर म्हणाला, "तेवढ्यात पोरगं इंजिनिअर होतं की गं."

मी त्याला काही बोलले नाही, कारण मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं.

पिवळा एल मी स्वतः लावलेला आहे, तो ही वयाच्या चौतिसाव्या वर्षी. २०१२ मध्ये आम्ही इथे आलो तेव्हा माझ्याकडे भारतातलं लायसन्स होतं, आठ वर्षं जुनं, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये मुरलेलं. नॉलेज टेस्ट पहिल्या फटक्यात झाली. गाडीच्या टेस्टमध्ये नापास झाले. परीक्षक बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, तू आरशात बघतेस पण खांद्यावरून मागे बघत नाहीस. हेड चेक म्हणतात त्याला, लेन बदलताना, कडेचं पार्किंग सोडून निघताना मान वळवून ब्लाइंड स्पॉट बघायचा. आठ वर्षांत मला हे कुणी सांगितलंच नव्हतं, आरसा आहे म्हणजे दिसतंच असं मी धरून चालले होते. आणि इथला नियम असा की बाहेरच्या देशाचं लायसन्स असलेला माणूस टेस्टमध्ये नापास झाला की त्या लायसन्सवर गाडी चालवायची मुभा संपते, लर्नर लायसन्स घ्यायचं आणि शेजारी कुणीतरी बसवायचं. वय पंचविशीच्या पुढे म्हणून लॉगबुकचे तास मला नव्हते, पण एल होता. मंडळाच्या गणपतीला गेलो तेव्हा पार्किंगमध्ये सगळ्यांना ती पाटी दिसली आणि मला भयंकर लाज वाटली. घरी येऊन मी रडले होते. आता त्या लाजेचं वाईट वाटतं, कारण दुसऱ्या टेस्टपर्यंतच्या त्या दोन महिन्यांत मी जी मान वळवायला शिकले ती नंतर दोनदा तरी मला एका सायकलवाल्याच्या अंगावर जाण्यापासून वाचवून गेली.

मुलगा १ डिसेंबर २०२३ ला एलवर आला. नवऱ्याची नोकरी शिफ्टची, त्यामुळे शेजारी बसायचं काम माझ्याकडे आलं. ज्यांनी हे केलेलं नाही त्यांना १२० तास हा आकडा कळत नाही. आठवड्याला अडीच तास धरले तर जवळजवळ अख्खं वर्ष. शाळेत सोडायला जाताना तो चालवणार, किराणा आणायला हॅरिस पार्कला जाताना तो चालवणार, रविवारी कुणाकडे जेवायला बोलावलं तर जाता-येता तोच चालवणार. लायसन्सवाल्या इन्स्ट्रक्टरबरोबरचा एक तास लॉगबुकात तीन तासांचा धरतात, पण तेही दहाच तासांपर्यंत, आणि तासाला सत्तर-ऐंशी डॉलर मोजावे लागतात. आम्ही पाच तास घेतले, बाकी घरचेच.

पहिले दहा तास मी फक्त घाबरले, दुसरं काही केल्याचं आठवत नाही. रेल्वे स्टेशनच्या मोठ्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी गोल गोल, मग मागच्या गल्ल्या, ५० चं लिमिट, मग शाळेचे ४० चे झोन. मग राउंडअबाऊट. राउंडअबाऊटवर कळतं की पोराला गाडी येते का. आधीच गोलात असलेल्या गाडीला जाऊ द्यायचं, नियम एवढाच, पण तो येणारा सरळ जाणार की वळणार, त्याने सिग्नल दिलाय का, तो आपल्याला बघतोय का, आणि आपल्या मागचा वैतागलाय का हे सगळं दोन सेकंदांत. तो एकदा असा थांबला की थांबूनच राहिला, मागे चार गाड्या, कुणी हॉर्न वाजवला नाही. माझ्याच तोंडून निघून गेलं, "अरे जा ना आता!" आणि तो गेला, आणि उजवीकडून गाडी आली. त्यानं ब्रेक मारला, त्या गाडीनंही मारला, काही झालं नाही. पण कुठलीही बुद्धी न वापरता नुसती घाई माझ्या तोंडून बाहेर पडली होती आणि पोरानं आईवर विश्वास ठेवून ॲक्सिलरेटर दाबला होता. थरथरलेल्या सह्यांपैकी एक त्या दिवसाची आहे. त्यानंतर मी "जा" हा शब्द गाडीत वापरणं बंद केलं. "तुला काय दिसतंय?" एवढंच विचारायचे. मग तो बोलायला लागला, पांढरी गाडी स्लो होतेय, डावीकडे आजी उभी आहे ती क्रॉस करेल असं वाटतंय, बसचा इंडिकेटर लागलाय. तो बोलत राहिला की मला कळायचं त्याची नजर कुठवर पोचलीय, आणि खरं सांगते, महिन्याभरात ती माझ्या पुढे पोचत होती.

एकदा आम्ही गॅल्स्टन गॉर्जला गेलो, सिडनीच्या उत्तरेला दरीत उतरणारा अरुंद रस्ता आहे, एकामागून एक हेअरपिन वळणं आणि खाली लाकडी पूल. मला तिथे पसरणीच्या घाटाची फार आठवण आली, वाईहून पाचगणीला चढणारा. मी त्याला सांगत होते की आमच्या लहानपणी एसटीचा ड्रायव्हर वळणावर कसा हॉर्न देत जायचा, आणि माझं मामाचं गाव, आणि असं बोलता बोलता मी एकदम गप्प झाले. तो चालवण्यात गुंतला होता त्यामुळे त्याच्या लक्षात आलं नाही असं मला वाटलं. आलं होतं.

जून महिना आला. इथे जूनमध्ये हिवाळा, पाचच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे रात्रीचे २० तास भरायला हे दिवस चांगले, जेवणाआधी बाहेर पडलं तरी रात्रच. एका संध्याकाळी आम्ही विंडसर रोडवरून लांब गेलो होतो, बाहेर काळोख, त्याचा सत्तराव्या तासाच्या आसपासचा कुठलातरी तास. तो म्हणाला, "आई, तू त्या दिवशी घाटात का गप्प झालीस?"

मग मी सांगितलं. त्याला कधीच सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारी १९९८. नात्यातल्या एका लग्नाची हळद वाईला होती. माझा मामेभाऊ अठरा वर्षांचा, लायसन्स होऊन तीन महिने झालेले. गाडी मामाची, जीप. सकाळी कराडहून आचाऱ्याची मोठी भांडी आणायची राहिली होती, म्हणून रात्रीच जाऊन पहाटे परत येतो असं ठरलं. एकटा कशाला जातोस म्हणून बरोबर पाच जण निघाले, सगळे त्याच्याच वयाचे, सगळे हळदीत नाचून आलेले, एकाच्याही अंगात दारू नव्हती हे मी मुद्दाम सांगते कारण नंतर लोक तेही बोलले. रात्रीचा एक वाजला होता. ओसरीवर मोठी माणसं पत्ते खेळत जागीच होती, आम्ही बायका आत मेंदी काढत होतो. कुणी म्हणालं नाही की नको जाऊस. सगळे एकच म्हणाले, सावकाश जा रे. मी पण म्हणाले, खिडकीतून. तेव्हा तो हायवे अजून चौपदरी झाला नव्हता, येणाऱ्या ट्रकचे दिवे सरळ डोळ्यांत. अतीतच्या पुढे, उंब्रजच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, साधी लाल चिंधीसुद्धा नाही. तो गेला आणि त्याच्या मागे बसलेला त्याचा मित्र गेला. ते लग्न झालं की मोडलं, कसं झालं, मला आजही नीट आठवत नाही.

मग महिनोन् महिने घरात एकच वाक्य होतं, काळ आला होता. मामी म्हणायची, आजी म्हणायची, भेटायला येणारे म्हणायचे. मी सुद्धा तसंच मानत आले, पंचवीस वर्षं. काळ आला होता म्हटलं की कुणावर राग धरायला नको, आणि मामावर तर नकोच नको, कारण किल्ली त्यानं दिली होती आणि त्यानंतर तो माणूस तसाही अर्धाच उरला.

माझं सांगून झाल्यावर गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. पोराचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर. मग त्यानं विचारलं, "त्याला लायसन्स मिळून किती महिने झालेले म्हणालीस?"

"तीन."

"आणि गाडीत टोटल सहा जण. आणि रात्रीचा एक." पुढच्या सिग्नलला थांबेपर्यंत तो गप्प होता. थांबल्यावर म्हणाला, "आई, पी-वनवर हे अलाउडच नाहीये. रात्री अकरा ते पहाटे पाच, एकवीसच्या खालचा एकच पॅसेंजर. फक्त एक."

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी रोड यूजर हँडबुकचं ते पान काढलं. २०१२ मध्ये तेच पुस्तक मी टेस्टसाठी पाठ केलं होतं, पण ते पान तेव्हा मला लागू नव्हतं म्हणून सोडून दिलं होतं. पंचविशीच्या आतल्या पी-वनवाल्याला रात्री अकरा ते पाच एकवीस वर्षांच्या आतला एकच प्रवासी. पी-वनला ९० चं लिमिट. जरासाही स्पीड ओलांडला की किमान चार डिमेरिट पॉइंट, म्हणजे नियम मोडल्याचे दोषगुण, आणि पी-वनवाल्याकडे चारच असतात, म्हणजे लायसन्स तीन महिने तरी गेलं. मी एकेक ओळ वाचत होते आणि प्रत्येक ओळीशी वाईची ओसरी येत होती. नवीन ड्रायव्हर. रात्र. गाडीभर मित्र. ज्याला आम्ही काळ म्हणालो होतो तो इथे एका पानावर कलमं पाडून लिहिलेला होता. तो पान उलटण्याचा आवाज सुद्धा मला नकोसा झाला.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. ही पायऱ्यांची कल्पना मुळात पॅट्रिशिया वॉलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंची, १९७० च्या दशकात त्या नॉर्थ कॅरोलिनात रस्ता सुरक्षेवर काम करत होत्या. मला त्यातलं जे कळलं ते असं, की नवशिक्याच्या चुका तर होणारच, चुकल्याशिवाय कुणी शिकत नाही, पण रात्र, वेग, मित्रमंडळी हे सगळं एकदम त्याच्या अंगावर टाकू नये, आधी ज्या जागी चूक पोटात घातली जाईल तिथे चुकू द्यावं आणि मग एकेक गोष्ट वाढवावी. आपल्याकडे पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधतात आणि मग हळूहळू तो सैल करत नेतात तसंच हे. न्यूझीलंडने १९८७ मध्ये ही पद्धत देशभर सुरू केली, पूर्ण स्वरूपात ती पहिली. वॉलरबाईंच्या स्वतःच्या नॉर्थ कॅरोलिनात कायदा व्हायला १९९७ उजाडलं. आमच्या न्यू साउथ वेल्समध्ये लाल आणि हिरव्या पीच्या दोन पायऱ्या २००० मध्ये आल्या, आणि लॉगबुकचे तास आधी ५० होते ते १ जुलै २००७ पासून १२० झाले, रात्रीच्या प्रवाशांचा नियमही त्याच महिन्यातला.

आणखी एक गोष्ट वाचली ती माझ्या डोक्यातून जात नाही. एल लावलेला, शेजारी मोठं माणूस बसलेला ड्रायव्हर रस्त्यावरच्या सगळ्यात सुरक्षित ड्रायव्हरांपैकी असतो. आणि तोच ड्रायव्हर लायसन्स मिळून एकटा बाहेर पडला की पहिले सहा महिने सगळ्यात धोक्याचे. गाडी तीच, हात तेच, आठवडाभरापूर्वी चालवत होता तोच रस्ता. बदललं काय तर शेजारची सीट. आणि तीच सीट समवयस्क मित्रांनी भरली की धोका आणखी वाढतो, जितके मित्र जास्त तितका जास्त. म्हणजे आमच्या घरात "एकटा कशाला जातोस" म्हणून जे पाच जण बरोबर दिले ते सोबत म्हणून दिले होते, आणि अठरा वर्षांच्या ड्रायव्हरला ती सोबत होत नाही हे तिथल्या एकालाही ठाऊक नव्हतं. मामाला कसं ठाऊक असणार. त्याला कुणी सांगितलं होतं?

त्याच वर्षी, मे २०२४ मध्ये, पुण्यात कल्याणीनगरला रात्री एका महागड्या गाडीने मोटरसायकलवरच्या दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं, गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असा आरोप होता. त्या मुलाला जामीन देताना अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला होता हे सगळ्या महाराष्ट्राला आठवत असेल. इथे आमच्या मराठी ग्रुपवर लोक चिडून चिडून लिहीत होते, पैशाचा माज, बापाची चूक, आणि ते बरोबरच होतं. पण मला दर वेळी वाटायचं, पैसा नसलेल्या घरातली, माज नसलेली, चांगली पोरंसुद्धा याच वयात याच वेळेला जातात, त्यांच्यासाठी कुणी एवढं चिडत नाही. भारतात कायदा नाही असं नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली आणि गुन्हा घडला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि २५,००० दंड आहे. पण अठरा पूर्ण झाली की? लर्निंग लायसन्स, तीस दिवस थांबा, टेस्ट द्या, आणि त्या संध्याकाळपासून तुम्ही रात्री एक वाजता सहा जणांना घेऊन हायवेला लागायला मोकळे. अठराव्या वर्षाच्या एका दिवसात सगळं. मी माझं लायसन्स काढलं तेव्हा माझी टेस्ट पाच मिनिटांची होती, गाडी पुढे घ्या, मागे घ्या, झालं. मला तेव्हा त्याचा आनंद झाला होता.

मी हे सगळं इतक्या तावातावाने लिहितेय पण आमच्या घरात सगळं सरळ झालं असंही नाही. सप्टेंबरमध्ये आम्ही ९४ तासांवर अडकलो. अभ्यास, माझं पाठीचं दुखणं, पाऊस. नवरा म्हणाला, उरलेले लिहून टाक ना, पोरगं छान चालवतंय, कोण बघणारे? लिहिणारे लोक आहेत, मी ओळखते काहींना, खोटी नोंद पकडली तर दंड आहे हे माहीत असूनही लिहितात. मी पेन घेऊन बसले होते सुद्धा. एक ओळ लिहिली, तारीख टाकली, किलोमीटर मनानेच टाकले, आणि सहीच्या रकान्यापाशी मला मामाची किल्ली आठवली. ती ओळ खोडलेली वहीत दिसते. त्या शनिवारी आम्ही दोघं ब्लू माउंटन्सकडे निघालो, मी पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून बसले, परतताना एम-फोरवर असा पाऊस लागला की पुढच्या ट्रकचं पाणी काचेवर भिंतीसारखं येत होतं आणि वायपर कमी पडत होते. त्यानं स्वतःहून स्पीड ७० वर आणला, डाव्या लेनमध्ये गेला, पुढच्या गाडीपासून अंतर वाढवलं, तोंडाने सेकंद मोजत होता, एक हजार एक, एक हजार दोन. मी काहीच बोलले नव्हते. ते साडेतीन तास मी खोटे लिहिले असते तर तो पाऊस त्याला पहिल्यांदा एकट्याला भेटला असता.

पण हेही खरं की आमच्याकडे गाडी होती, मला वेळ होता, पक्कं लायसन्स होतं. त्याच्या वर्गातल्या एका मुलीची आई एकटी, नर्सिंग होममध्ये रात्रपाळी, गाडी चालवता येत नाही. त्या मुलीनं १२० तास आणायचे कुठून? इन्स्ट्रक्टरकडून घ्यायचे तर हजारो डॉलर. अशा मुलांसाठी सरकारी मदतीवर चालणाऱ्या योजना आहेत, तिथे स्वयंसेवक शेजारी बसून तास भरून देतात, पण सगळ्यांपर्यंत पोचतं असं नाही. जी पद्धत मला इतकी जवळची वाटते तिची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही, आणि हे ती आवडणाऱ्यांनीच आधी बोललं पाहिजे असं मला वाटतं. मी गेल्या वर्षीपासून शनिवारी सकाळी दोन तास त्या मुलीच्या शेजारी बसते. तिचे ६१ झालेत.

पोरगं डिसेंबर २०२४ मध्ये पहिल्याच टेस्टला पास झालं. हेड चेक सगळे केले, त्यानं मला नंतर मोजून सांगितले. पिवळ्या पाट्या काढल्या, लाल पी लावले, आणि त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा एकटा दुधाची बाटली आणायला गेला, दीड किलोमीटर. मी देवापाशी दिवा लावून बसले होते. बाकी त्या वर्षाबद्दल सांगण्यासारखं फार नाही, तो चालवत राहिला आणि मी हळूहळू खिडकीशी उभं राहणं सोडलं.

गेल्या नोव्हेंबरमध्ये त्यांची बारावीची परीक्षा संपली. शनिवारी केलीविलला एका मित्राच्या घरी सगळे जमले होते. त्याच्या लाल पीचे शेवटचे काही आठवडे राहिले होते. जाताना संध्याकाळी तो तिघांना घेऊन गेला होता, अकराच्या आधी चालतं. रात्री पावणेअकराला माझा फोन वाजला. इथे एवढ्या रात्री फोन वाजला की पोटात काय होतं ते परदेशात राहणाऱ्यांना सांगायला नको.

"आई, झोपली नाहीस ना? अकराच्या आत नाही निघता येणार, केक कापायचाय. मग मला एकालाच नेता येईल. दोघं उरतात. तू येशील?"

मी गाऊनवर जॅकेट चढवलं आणि निघाले. केलीविल आमच्याकडून बारा-तेरा किलोमीटर. पोचले तेव्हा चौघंही बाहेर फुटपाथवर उभे होते, उंच झालेली, दाढी फुटलेली पोरं. कुणी कुरकुर करत नव्हतं, माझ्या गाडीत कोण बसणार याची त्यांनी आधीच वाटणी केली होती. दोघं मागे बसले, थँक यू आंटी म्हणाले आणि पाच मिनिटांत एकमेकांच्या अंगावर कलंडून झोपले. माझा पोरगा आपल्या गाडीपाशी गेला, एका मित्राला शेजारी बसवलं, पट्टा लावला का ते वाकून बघितलं. मी काच खाली केली. तोंडात शब्द आलेच होते.

तो आधी बोलला. "आई, तू माझ्या मागे ये. मी आठच्या आकड्यावर ठेवतो, तू सुटणार नाहीस."

आठचा आकडा म्हणजे ऐंशी, ओल्ड विंडसर रोडचं लिमिट. रस्ता रिकामा होता. तो पुढे, मी मागे, मध्ये मोजून तीन सेकंद. एका ठिकाणी डावीकडे एक ट्रक हॅझर्ड लाइट लावून उभा होता, त्याच्या खूप आधी पोराचा इंडिकेटर लागला, काचेतून मला त्याचं डोकं उजव्या खांद्यावरून वळलेलं दिसलं, आणि मग गाडी सरकली. मीही मान वळवून बघितलं आणि त्याच्यामागून गेले. मागे दोघं झोपलेलेच होते. पुढे त्याचे मागचे दोन दिवे, आणि मध्ये ती पांढरी पाटी, लाल अक्षराची, सगळ्या रस्ताभर स्पष्ट दिसत होती.